हलत्या हाताचं माप

सन दोन हजार दोन. मी एकसष्ट वर्षांचा होतो. म्हणजे तसं धरून चालायचं, कारण माझ्या जन्माची नोंद कुठं नाही, आणि शाळेत नाव घालताना मास्तरानं अंदाजानं जे लिहिलं तेच पुढं खरं झालं. त्या शाळेत मी चौथीपर्यंत होतो. चौथीही पुरी नाही, पण ते मी कोणाला सांगत नसतो.

हे अक्षर माझं नाही, नातीचं आहे. शब्द माझे. ती मधेमधे हिंदी घुसवते, मी काढायला लावतो. ‘आबा, ऐसा भी चलता है,’ म्हणते. चालत नाही म्हटलं. माझं माझ्या भाषेत लिही. ती आता जाणती आहे आणि तिला सगळं ठाऊक आहे, म्हणूनच हे तिच्याकडून लिहून घेतो आहे.

आमचं गाव मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यातल्या खैरलांजीकडचं, धानाचं. गावात मी मापारी होतो. धान चुरून, म्हणजे मळून झालं की खळ्यावर रास पडते. ती रास कुडोनं मोजायची. कुडो म्हणजे लाकडी माप, काठाला लोखंडी पट्टी मारलेलं. वीस कुडोंची एक खंडी. मजुरांची मजुरी कुडोनं, सालदाराचं वर्षाचं धान कुडोनं, गावचा दुकानदार खळ्यावरून माल उचलायचा तोही कुडोनं. बालाघाटच्या मंडीत काटा होता, पण पाच-सहा खंडीवाला माणूस तिथवर गाडी कशाला नेतो?

मोजताना पहिल्या कुडोला ‘एक’ म्हणत नाहीत. ‘लाभ’ म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. आणि कुडो शिगेपर्यंत भरायचा. वर धानाचा डोंगर उभा राहून दाणे काठावरून ओघळले पाहिजेत. शीग नीट उभी राहिली नाही तर मापाऱ्यानं आकडा बोलायचा नाही, परत भरायचं. हे मला माझ्या बापानं शिकवलं. बापही मापारीच होता. आणि बापाचं माप गावानं काढून घेतलं होतं.

ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

बापाचा हात पन्नाशीच्या आतच हलायला लागला होता. रिकामा मांडीवर ठेवला तर शांत असायचा, काही उचललं की हलायचा. त्या साली गावातल्या एका विधवेची रास त्यानं मोजली. अठ्ठावन्न कुडो भरले. दुकानदारानं ते धान त्याच दिवशी न्यायचं ठरलं होतं, पण त्याच्या बंडीचा आख मोडला आणि धान तिच्याच घरी पडून राहिलं. चार दिवसांनी दुसऱ्या माणसानं मोजलं तर बासष्ट. धान तेच, कुडो तोच. मग चार कुडो आले कुठून? गावानं हिशेब लावला: मापाऱ्यानं दुकानदाराशी संधान बांधून मुद्दाम कमी मोजलं. आणि आमच्याकडे जुनं बोलणं आहेच की खोट्या मापाचा हात हलतो. हात तर हलतच होता. अजून पुरावा काय पाहिजे?

बाप त्यानंतर बारा वर्षं जगला. ओसरीत बसून राहायचा. पाण्याचा गडवा दोन्ही हातांनी धरायचा, तरी धोतरावर सांडायचं. मला एकदाच म्हणाला, ‘बापू, म्या खोटं नाही मोजलं.’ मी ‘हौ बाबा’ म्हटलं. पण मनातून मी मानलं नाही. कारण मी तेव्हा मोजायला शिकलेलो होतो, आणि अठ्ठावन्नाचे बासष्ट आपोआप होत नाहीत हे मला ठाऊक होतं.

माप आमच्या घरात परत यायला बावीस वर्षं लागली. मधला मापारी वारला तेव्हा गाव माझ्याकडे आलं, मी गेलो नाही. मारुतीसमोर मला शपथ घ्यायला लावली. मी शपथ घेतली की शीग उभी राहिल्याशिवाय आकडा बोलणार नाही, मग ते धान भावाचं असो की वैऱ्याचं. आणि नाही बोललो. कधीच. हे माझा वैरीही सांगेल. दोन-तीन आहेत, विचारून पाहा.

सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचा असेन, माझाही उजवा हात हलायला लागला.

मी ते मानलंच नाही. थंडी आहे म्हटलं. मग उन्हाळा आला तर उपास होता म्हटलं. कुडो छातीला लावून धरायचा, कोपर गुडघ्यावर टेकवायचं, असे डाव शिकलो. चहा अर्धाच मागायचा. मला सही येते, आणि त्याचा मला मोठा दिमाख होता, पण बँकेत मी परत अंगठा लावायला लागलो. बाबू म्हणाला, ‘दादाजी, पहले तो दस्तखत करते थे!’ मी म्हटलं, आता मन नाही.

मोजताना काय व्हायचं, हात हलला की शीग ढासळायची. पण माझी शपथ होती. ढासळली की मी परत ओतायचो. परत ढासळली, परत ओतायचो. शीग उभी राहिल्यावरच आकडा. माझं एक माप होईपर्यंत दुसऱ्याची दोन व्हायची. मजूर बाया कौतुकानं म्हणायच्या, ‘काकाजीच्या हाताले बरकत हाये. ह्यायच्या हातचं धान दोन दिवस जास्त पुरते.’ मला वाटायचं हे सत्याचं फळ. ज्यांची रास असायची ते मात्र कधीकधी बोटं मोडत पोत्यांकडे पाहायचे. ‘औंदा कमी भरली बावा.’ मी म्हणायचो, बांधीत पिकलं नाही तर कुडोत कुठून येईल?

सत्तावन्न-अठ्ठावन्नला मी ठरवलं की आता माप मुलाला द्यायचं. मुलगा एकच. तो म्हणाला, ‘मले नाही पायजे.’ काहून नाही पायजे? दोन वर्षं मी त्याला रोज टोचलं. नव्या पोरांना खळ्यावर बसायची लाज वाटते, बापाचा धंदा नको पण बापाची बांधी पायजे, असं जे जे सुचेल ते बोललो. तो ऐकून घ्यायचा आणि उठून जायचा. शेवटी आमचं बोलणंच सुनेच्या मधून व्हायला लागलं. ‘त्याले सांग.’ ‘बाबाले सांग.’

मग दोन हजार दोनच्या होळीनंतर एक गोष्ट झाली. शेजारी माझ्याच वयाचा एक गडी आहे, लहानपणापासूनचा. त्याच्या ओसरीत चार पाहुणे बसलेले. मी चहाचा कप घेतला आणि बशीत असा काही खडखडला की सगळे पाहायला लागले. तो हसून म्हणतो, ‘का बे मापारी, सकाळी सकाळीच मोहाची लावून आला का?’

मी आयुष्यात दारूला बोट लावलं नाही. कप तिथंच ठेवला, उठलो, आणि दुसऱ्या दिवशी सरकारी डॉक्टरकडे गेलो. म्हटलं, मला कागद पाहिजे. हा माणूस दारू पीत नाही असं लिहून, शिक्का मारून द्या. मी तो मारुतीच्या देवळात चिकटवणार होतो.

तो डॉक्टर भला होता. म्हणाला, असा कागद बनत नाही, पण तुमच्या हाताचं काय ते पाहू. नागपूरहून नसांचा एक डॉक्टर महिन्यातून एकदा बालाघाटला येतो, त्याला दाखवा. मी गेलो नसतो. पण कागदाची गोष्ट डोक्यातून जात नव्हती. मोठा डॉक्टर तरी देईल म्हणून गेलो. मुलगा सोबत आला, सुनेनं पाठवला म्हणून.

नागपूरच्या डॉक्टरनं मला एका पेल्यातलं पाणी दुसऱ्या पेल्यात ओतायला लावलं. स्वतःच्या नाकाला आणि मग त्याच्या बोटाला हात लावायला लावला. कागदावर जिलेबी काढा म्हणाला. मी काढली, तर तिची काटेरी चकली झाली. तो हसला नाही, मीच हसलो.

‘काका, घरात आणखी कुणाचा हात हलत होता?’

चाळीस वर्षं जे कोणी विचारू नये म्हणून मी मान ताठ ठेवून चाललो, ते त्यानं असं विचारलं जसं गावाचं नाव विचारावं.

‘माह्या बापाचा,’ म्हटलं. ‘पण त्याची गोष्ट वेगळी हाये.’

‘कशी वेगळी?’

‘त्याच्यावर आळ होता.’

डॉक्टरनं ते लिहून घेतलं नाही. रक्त दिल्लीला पाठवतो म्हणाला, तिथं तपासतील, महिने लागतील. मुलाकडे वळून म्हणाला, ‘तुम्हीही देता का?’ मुलगा म्हणाला नाही. इतक्या जोरात म्हणाला की कंपाउंडर दारातून डोकावला. मला वाटलं, सुईला भेला.

कागद आला दिवाळीनंतर. धान कापून पुंजणे रचून झाले होते, चुरणं सुरू होतं. शेजाऱ्याची रास दुसऱ्या दिवशी मोजायची ठरली होती. मला बालाघाटला जायचं नव्हतं, पण मुलगा म्हणाला, तारीख आहे, चला. माझ्याशी थेट बोलला, म्हणून गेलो.

आता डॉक्टर जे बोलला ते मी जसं समजलो तसं सांगतो. चुकलं असेल तर माझं डोकं.

तो म्हणाला, शरीर बारीक बारीक पेशींचं बनलेलं आहे, आणि प्रत्येक पेशीत हजारो कामकरी. त्यांना कामाला लावायचं किंवा थांबवायचं तर त्यांच्या अंगावर एक खूण चिकटवतात. ती खूण फॉस्फेटची. चिकटवणारे वेगळे आणि काढणारे वेगळे. काढणारं जे यंत्र आहे, ते तीन तुकड्यांचं. एक तुकडा नुसता सांगाडा, बाकीच्यांना धरून ठेवतो. दुसरा प्रत्यक्ष खूण काढतो. आणि तिसरा सांगतो की कुठं जायचं, कोणाची खूण काढायची. तिसऱ्याच्या सांगण्याशिवाय दुसरा आंधळा.

मी म्हटलं, ‘थांबा. एक जण पोत्याचं तोंड धरून उभा राह्यते. एक जण धान ओतते. अन् तिसरा आकडा बोलते, हे पोतं कोणाचं ते सांगते. असंच का?’

‘हो, तसंच म्हणा.’

‘म्हंजे तिसरा मापारी झाला.’

डॉक्टर म्हणाला, ‘काका, तुमच्या घरात गडबड त्या तिसऱ्याचीच आहे. त्या तिसऱ्याचे पुष्कळ प्रकार असतात. मेंदूत जास्त असणारा एक आहे, तो.’

मला कसं वाटलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. राग आला. कोणावर ते कळेना. एवढ्या मोठ्या शरीरात बिघडायला दुसरं कोणी सापडलं नाही?

तो पुढं म्हणाला, ही यंत्रं कशी बनवायची त्याचं एक लिखाण असतं, बापाकडून आणि आईकडून आलेलं. त्या लिखाणात एका जागी तीन अक्षरं परत परत येतात. सगळ्यांच्यातच येतात. पण तुमच्यात ती फार जास्त वेळा आलीत.

‘म्हंजे उतरवून घेणाऱ्याची गिनती चुकली?’

‘गिनतीच चुकली.’

‘अन् त्यानं होते काय? तो तिसरा कमी बनते का जास्त?’

डॉक्टरनं चष्मा काढला. ‘खरं सांगू? नक्की अजून कुणालाच माहीत नाही. हे सापडून तीनच वर्षं झालीत. चूक आहे ती त्या तुकड्याच्या आत नाही, त्याच्या लिखाणाच्या सुरुवातीला आहे, जिथं किती बनवायचं ते ठरतं. त्यामुळे बहुतेक जास्त बनत असावा असं म्हणतात. हेच यंत्र दुसऱ्या रीतीनं बिघडलं तर विसरण्याचा आजार होतो, गाठी वाढतात, अशीही शंका घेतात. पुष्कळ कोडं आहे.’

मला बरं वाटलं की त्यालाही कळत नव्हतं. गोळी देतो म्हणाला, हात थोडा शांत होईल. मूळ जायचं नाही. हळूहळू मानही हलेल, चाल डगमगेल. पण जीव जायचा नाही.

‘अन् माह्या बापाले हेच होतं?’

‘तुम्हाला त्यांच्याकडूनच आलं असणार.’

मी उठून उभा राहिलो. बाप चोर नव्हता! हात चोरीनं हलत नव्हता, बिमारीनं हलत होता. मला वाटलं आत्ता एसटी पकडावी आणि गावात जाऊन ओरडावं. कागद द्या म्हटलं. यावेळी कागद होताच.

डॉक्टर म्हणाला, ‘बसा काका. अजून एक आहे. तुमच्या मुलांना येण्याची शक्यता निम्मी असते. एक पारडं इकडं, एक तिकडं.’

मी मुलाकडे पाहिलं. तो भिंतीकडे पाहत होता.

बाहेर आलो. बस स्टँडवर मी दोन चहा सांगितले. मुलगा म्हणाला, ‘मले नको.’ आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की यानं माझ्यासमोर चहा कधीपासून घेतला नाही. घे म्हटलं. नको म्हणाला. मी ग्लास त्याच्या हातात कोंबला. त्यानं तो दोन्ही तळव्यांत धरला, कोपरं पोटाला लावली, मान खाली नेली. माझाच डाव. मी शिकवलेला नाही.

‘कवापासून?’

‘तीन साल झाले असन.’

‘म्हून माप नाही पायजे म्हनत होता?’

‘तुमचा हात हालते तं लोकं बरकत म्हन्तात, बाबा. माहा हालला तं म्हन्तीन, पाह्य, तीन पिढ्याचे चोर.’

दोन वर्षं मी त्याला आळशी, लाजरा, बाईलबुद्ध्या म्हटलं होतं. मी म्हटलं, आता काही भीती नाही, आपल्याकडे कागद आहे. बिमारी आहे हे देवळात सांगतो. आजोबाचं नाव साफ, माझं साफ, तुझं साफ.

‘सांगा,’ तो म्हणाला. ‘अन् पोट्टीचं? सोळा वर्साची झाली ते. चोराची पनती लोकं सून करून घेतीन. बिमारीची कोण करन?’

बस आली.

मी खिडकीशी बसून वाटणी करत होतो आणि ती जमत नव्हती. हात पापानं हलतो असं धरलं तर बाप चोर, पण मग लेकरं मोकळी, त्यांनी नीट वागावं म्हणजे झालं. बिमारीनं हलतो असं धरलं तर बाप साव, पण लेकरं अडकली. मी कोणाला निवडू? माझ्या बापाला, की मी ज्याचा बाप आहे त्याला? आणि एक खडा अजून तसाच टोचत होता. बिमारी असू दे, हात हलू दे. हात हलल्यानं अठ्ठावन्नाचे बासष्ट कसे होतील? ते तर डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. बापाच्या हाताचं कारण सापडलं, पण चार कुडोंचं नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवस बुडायचा होता. सून तांदळाचं पीठ डब्यात भरत होती. डबा काठोकाठ भरला, परातीत पीठ उरलंच. तिनं डबा उचलून दोनदा हलवला, जमिनीवर ठकठक केला. पीठ खाली बसलं आणि उरलेलं सगळं मावलं.

मी उभाच राहिलो. ‘बाई, परत कर.’

‘काय मामाजी?’

‘डबा हालवला ना तू. परत कर.’

‘आता कुठी जागा हाये? बसलं ते.’ मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, ‘डॉक्टरनं काही सांगतलं का?’

मी तिला कुडो आणायला लावला. अंगणात ताडपत्री अंथरली, घरचं धान ओतलं. ‘तू मोज.’ ती लाजली, पण बसली. तिचा हात दगडासारखा स्थिर. वीस कुडो भरले, वर थोडे दाणे. तेच धान परत ओतलं आणि मी मोजलं. शीग ढासळली, परत ओतलं, ढासळली, परत ओतलं, उभी राहिली तेव्हा आकडा बोललो. अठरा. आणि एकोणिसावा भरला नाही, कमरेपर्यंतच आला.

तिनं परत मोजलं. वीस.

मुलगा दारात येऊन उभा होता.

बापानं खोटं मोजलं नव्हतं. शीग ढासळायची म्हणून तो इमानानं परत ओतायचा, आणि हलत्या हातात खालचं धान दबून बसायचं. विधवेचे चार कुडो कोणी नेले नव्हते. ते त्या अठ्ठावन्नातच होते. बाप बारा वर्षं ओसरीत बसला, आणि त्याचं उत्तर घरातल्या पिठाच्या डब्यात होतं.

पण मग मी? मी हलत्या हातानं चौदा वर्षं मोजलं. ज्याची रास त्याचं दर खंडीला दोन कुडोच्या जवळपास जास्त गेलं. बायांची बरकत ती हीच. मी एकदाही खोटं बोललो नाही आणि एकही माप खरं केलं नाही. शपथ मोडली असती तर माप कदाचित बरं निघालं असतं. हे कसं समजून घ्यायचं? मी ताडपत्रीवर बसून होतो. डॉक्टरचा तो तिसरा तुकडाही असाच असेल काय? जास्त भरतो आहे आणि त्याला वाटतं आपण इमानानं करतो आहोत.

बापाला सोडवायचं तर मला अडकावं लागत होतं. एवढं एकच नक्की कळलं. बाकी सगळा काला.

मुलगा म्हणाला, ‘आता का करता?’ मी म्हटलं, ‘तुहा कागद पेटीत ठेव.’ ‘माहा नाही, तुमचा हाये.’ ‘ठेव म्हटलं ना.’

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी कुडो डोक्यावर घेतला आणि सुनेला म्हटलं, चाल. शेजाऱ्याच्या खळ्यावर दहा-बारा माणसं जमली होती, मजूर बाया होत्या, दुकानदार होता. शेजारी म्हणाला, ‘सूनबाईले काहून आणलं? पोते शिवाले का?’

मी त्याच्या राशीतलं थोडं धान वेगळं काढून ताडपत्रीवर घेतलं. म्हटलं, हे अजून मोजणं नाही, पाहणं आहे. सुनेनं मोजलं, दहा भरले. तेच मी मोजलं. नऊ, आणि वर चार मुठी. शेजाऱ्याला विश्वास बसेना. ‘अजून करा.’ अजून केलं. तेच. मग त्यानं स्वतः मोजून पाहिलं, दहा. दुकानदार पोत्यांकडे पाहायला लागला.

‘चौदा वर्सं झाले, माहा हात हालते,’ मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं. ‘हात हालला का धान बसते. माह्या बापाचाही हालत होता. त्या बाईचे चार कुडो कोणी खाल्ले नाही. हे पाहा, असे गेले.’

शेजाऱ्यानं कुडो उलटा करून पाहिला. ‘म्हंजे माही चौदा वर्साची रास...’

‘हौ.’

‘अन् तुले मालूम नव्हतं?’

‘नव्हतं.’

‘बुढ्या,’ तो म्हणाला, ‘दारू पीत असता तं बरा होता.’ कोणीतरी हसलं. मी नाही हसलो. हात काहून हलतो ते कोणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. अर्धं सांगितलं, अर्धं पेटीत राहू दिलं. बरोबर केलं का, ते त्या दिवशीही कळलं नाही.

मग मी कुडो सुनेपुढं ठेवला. एक म्हातारा म्हणाला, ‘बाई बसन का आता राशीवर?’ मी म्हटलं, ‘तुह्या घरचं मीठ कोण मोजते? आजवर खारट झालं का?’ मी हे म्हटलं नाही की तिच्यात आमचं रक्त नाही, आणि हेही म्हटलं नाही की माप मला आमच्याच घरात पाहिजे होतं.

सुनेनं पदर खोचला, कुडो शिगेपर्यंत भरला आणि माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो.

‘म्हण,’ मी म्हटलं.

‘लाभ,’ ती म्हणाली.